दहा दाणे, तीस मिलिमीटर

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं आणि वाचकाला कळेल असं लिहायचं. या दोन्ही अटी एका वेळी पाळणं मला नोकरीच्या काळात कधीच जमलं नाही. वरसे गावात आमच्या शेजारच्या काकू शेवटपर्यंत मला कंपनीतली टायपिस्ट समजत होत्या. यजमान मित्रांना "हिचं काहीतरी संशोधन असतं" एवढं सांगून विषय बदलत. सासूबाई मात्र आल्यागेल्याला ठामपणे सांगायच्या, "ती काम्पुटरवर साबुदाणा बघते." तिघांत त्याच सत्याच्या सर्वांत जवळ होत्या, म्हणून साबुदाण्यापासूनच सुरुवात करते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोह्याजवळची आमची कंपनी औषधाचा कच्चा माल बनवायची. एका मोठ्या रेणूचे ठरलेल्या जागी दोन तुकडे करायचे, हे मुख्य काम. जुन्या पद्धतीत त्यासाठी कडाक्याची थंडी आणि नाकाला झोंबणारी चार-पाच रसायनं लागत. नव्या पद्धतीत तेच काम एक एन्झाइम साध्या कोमट पाण्यात गुपचूप करतं. पाठ्यपुस्तकात त्याला विकर म्हणतात. कंपनीत तसं म्हटलं असतं तर लोकांना कुठलं तरी दुखणं वाटलं असतं.

हे एन्झाइम महागडं आणि पाण्याबरोबर वाहून जाणारं. म्हणून ते समुद्रशेवाळाच्या जेलीत मिसळायचं आणि बुंदी पाडतात तसे त्या जेलीचे थेंब पाडायचे. त्यांचे भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होतात. ते एका उंच पोलादी नळकांड्यात भरायचे. वरून माल सोडायचा, खालून तुटलेला माल घ्यायचा. एन्झाइम आत दाण्यांत अडकून राहतं आणि पुन्हा पुन्हा कामाला येतं.

आता यातली मेख सांगते. मालाला दाण्याच्या आत झिरपत जावं लागतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन दारातून आत आला की दाराजवळची मंडळी चार-चार उचलतात आणि कोपऱ्यातली पानं कोरडीच राहतात. दाण्यात तेच होतं. कडेचं एन्झाइम सगळा माल फस्त करतं आणि मधलं एन्झाइम कंपनीच्या खर्चाने रिकामं बसतं. दाणा मोठा केला तर बसून राहणारे वाढतात. बारीक केला तर दाणे एकमेकांवर गच्च बसतात आणि नळकांडं तुंबतं. माल आत किती वेगाने झिरपतो आणि एन्झाइम त्याला किती वेगाने खातं, या दोघांची शर्यत संगणकावर मांडायची आणि दाणा केवढा असावा ते सांगायचं, हे माझं काम. याला आम्ही मॉडेल म्हणायचो.

त्यासाठी मला एक संगणक आणि मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेलं एक सॉफ्टवेअर दिलेलं होतं. कारखान्यात एसी दोनच ठिकाणी होता, वर्क्स मॅनेजर दलाल साहेबांच्या केबिनमध्ये आणि संगणकाच्या खोलीत. बाहेर चपला काढून आत यावं लागे. त्यामुळे लोक आपोआप हळू बोलत आणि समोर देव नसला तरी हात मागे बांधून उभे राहत. खंडेनवमीला संगणकाची पूजा व्हायची. एका वर्षी कोणीतरी भक्तिभावाने फ्लॉपीच्या फटीत हळद-कुंकू वाहिलं आणि पुढचे आठ दिवस मला सक्तीची विश्रांती मिळाली.

सॉफ्टवेअर दाण्याचे कांद्यासारखे वीस पापुद्रे करायचं. प्रत्येक पापुद्र्यात माल किती आला, किती खाल्ला गेला, किती पुढे गेला, हे पुन्हा पुन्हा मोजायचं. एका गणिताला चाळीस मिनिटं लागायची. शेवटी पडद्यावर एक रंगीत आलेख उतरायचा. हेड ऑफिसात रंगीत आलेखावर शंका घ्यायची पद्धत नव्हती.

सॉफ्टवेअरबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक होतं. मूळ प्रत हेड ऑफिसने स्वतःकडे ठेवली आणि आम्हाला तिची झेरॉक्स काढून घ्या म्हणून कळवलं. ती आम्ही पेणला काढून घेतली. चारशे पानांत एखादं पान गळणारच. पण ते पान कुठलं हे मला फार पुढे कळलं.

त्या नळकांड्यावर ऑपरेटर होते हिराजी म्हात्रे. पेणच्या खाडीकडच्या गावातले, कासू स्टेशनवरून रोज रोह्याच्या गाडीने येणारे. तरुणपणी मिठागरात काम केलेलं, त्यामुळे पायांची कातडी कायमची राठ झालेली आणि नजर कुठल्याही दाण्यावर लगेच बसणारी. दाण्याचं माप मला हवं होतं, तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेतलं बारीक मोजण्याचं यंत्र देऊ केलं. त्यांनी ते नम्रपणे बाजूला ठेवलं, खिशातून शाळकरी फुटपट्टी काढली आणि तिच्या कडेला दहा दाणे ओळीने लावले.

"दहा दाने, तीस मिलिमीटर. म्हंजे एक दाना तीन. लिवा, म्याडम."

"एकच दाणा नीट मोजला तर नाही का चालणार?"

"एक दाना खोटा बोलंल. दहा नाय बोलनार."

त्यांचा आकड्यावर असा जीव का, ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्यांच्या गावाला खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला गावकरी पाळीपाळीने त्यावर पहारा करतात. तिथे रोवलेल्या खुंटावर पाणी कुठवर चढलं ते गावाच्या वहीत लिहायचं. त्यावरून बांधावर कुठे माती टाकायची ते ठरतं. ती वही म्हात्र्यांकडे असे. "वहीत कमी लिवला म्हनून पानी कमी येत नाय, म्याडम," ते म्हणाले होते.

मी त्यांचा तीन संगणकात टाकला. सॉफ्टवेअरने एका चौकोनात इंग्रजीत दाण्याची 'लांबी' विचारली होती. दाणा गोल, त्याची लांबी म्हणजे तीन. मी तीन दाबलं, चहा प्यायले आणि आलेख उतरला. एन्झाइमचा मोठा हिस्सा रिकामा बसतो आहे आणि या नळकांड्यातून शंभरातले एकसष्ट भाग माल तुटून निघेल, असं संगणक म्हणाला.

म्हात्र्यांच्या कारखान्यातल्या वहीत अठ्ठ्याहत्तर होतं.

माल तुटला की आम्ल सुटतं आणि ते मारायला सोडा घालावा लागतो. सोडा किती लागला त्यावरून किती माल तुटला ते काढायचं, हे ऑपरेटरचं काम. म्हात्र्यांच्या वहीत सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असे आकडे रोज पडत होते. मी एन्झाइमचा जोर तपासला, मालाचा वेग तपासला, तापमान तपासलं. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. माझा तो चौकोन सोडून.

आमच्या धंद्यात एक जुना रोग आहे. काही ऑपरेटर तासातासाला आकडा घेत नाहीत. शिफ्ट संपताना बसून आठही तासांचे आकडे एकदम भरतात. मी दलाल साहेबांना आलेख दाखवला आणि म्हणाले, "सर, मॉडेलनुसार एकसष्टच्या वर शक्य नाही." हे वाक्य मी अभिमानाने म्हटलं होतं, ते मला चांगलं आठवतं.

साहेब आलेखाकडे बघत म्हणाले, "म्हणजे म्हात्रे आकडे घरून आणतात."

प्रयोगशाळेचा आकडाही जवळपास तोच, शहात्तर होता. पण नमुन्याची बाटली म्हात्र्यांनीच भरली होती, म्हणून तोही संशयास्पद ठरला. आकडे रोज सारखे येत होते, हा तर गुन्ह्याचा कबुलीजबाबच मानला गेला. नळकांडं चांगलं चाललं तर आकडे सारखेच येतात, हे त्या केबिनमध्ये बसलेल्या तिन्ही इंजिनिअरांना ठाऊक होतं. त्यातली एक मी. खोट्या नोंदी केल्याबद्दल म्हात्र्यांना चौकशी होईपर्यंत निलंबित केलं. नोटीस हातात घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, तुमी सांगा ना यांना. मी तुमचेसमोर मोजलाय."

मी आलेखाकडे पाहिलं. तो रंगीत होता, सुबक होता आणि माझा होता.

चौकशीला माझ्या अहवालाच्या पाच प्रती हव्या होत्या. रोह्यातलं यंत्र बिघडलेलं, म्हणून शनिवारी पेणला त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेले. दुकानाच्या मागे त्याच्या थोरल्या भावाचा, आप्पांचा, गणपतीचा कारखाना. प्रती निघेपर्यंत मी तिथे जाऊन बसले. चाळीस वर्षं मूर्ती करणारे आप्पा एका मोठ्या शाडूच्या मूर्तीसमोर पाट घेऊन बसले होते. मी काय काम करते असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे पाणी मातीत कसं मुरतं त्याचा हिशोब," ते म्हणाले. "मग मातीतून बाहेर कसं येतं त्याचाही होत असेल. ही मूर्ती किती दिवसांत वाळेल सांगा बघू. भिंत दोन इंच जाड आहे."

असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून विचारला होता. मी अहवालाच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. मातीतून पाणी कोणत्या वेगाने सरकतं याचा साधारण आकडा मला माहीत होता. दहा मिनिटांत उत्तर काढलं.

"अठ्ठावीस दिवस."

आप्पा हसले. "बाई, आमची आठव्या दिवशी रंगाला जाते."

"जाडी नीट मोजली होती ना?"

हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला आणि मला तो ओळखीचा वाटला. आप्पांना राग आला नाही. त्यांनी मूर्तीच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही पाण्याला या अंगाकडून त्या अंगापर्यंत चालवलंत. ही आतून पोकळ आहे, खालून उघडी आहे. बाहेरचं पाणी बाहेरून जातं, आतलं आतून. मधला थेंब असेल तरी त्याला एकच इंच चालायचंय. तुम्ही त्याला दोन इंच कशाला फिरवता?"

अशा झिरपण्यात अंतर निम्मं झालं की वेळ निम्मा नाही, पावपट होतो. अठ्ठावीसच्या पावपट सात. आठव्या दिवशी रंग.

मला माझा दाणा आठवला. दाण्यात माल एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला जात नाही. तो चहूबाजूंनी शिरतो आणि त्याला फक्त मध्यापर्यंत जायचं असतं. तीन मिलिमीटरच्या दाण्यात मध्य दीडवर येतो. सॉफ्टवेअरने मध्यापर्यंतची लांबी विचारली होती आणि मी दाणाभर लांबी दिली होती. म्हात्र्यांचा तीन बरोबर होता, तो मी चुकीच्या खणात ठेवला होता. पुढे हेड ऑफिसात मूळ पुस्तक उघडून पाहिलं, तर नेमकं गळलेलं पान तेच होतं. धाकट्या भावाने गाळलेलं पान थोरल्याने वाचून दाखवलं म्हणायचं. मी बरीच वर्षं या पानावर दोष ढकलला. पण ते पान असतं तरी मी वाचलं असतंच असं नाही. चौकोन दिसला, आकडा होता, टाकला.

सोमवारी सकाळी चपला बाहेर काढून खोलीत गेले आणि तीनच्या जागी दीड दाबलं. ती चाळीस मिनिटं मी चहाला उठले नाही. आलेख उतरला. सत्त्याहत्तर.

मला लाज वाटली. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, त्याच क्षणी मला आनंदही झाला, कारण माझं मॉडेल बरोबर निघालं होतं. माणूस निर्दोष निघाल्याचा आनंद त्यानंतर, दुसऱ्या नंबरावर आला.

चौकशी त्याच आठवड्यात झाली. मी रात्रभर जागून वगैरे काही ठरवलं नव्हतं. आयत्या वेळी जे सोयीचं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "मॉडेलमध्ये काही सुधारणा करण्यात आली आहे. सुधारित मॉडेलनुसार श्री. म्हात्रे यांच्या नोंदी शक्य वाटतात." सुधारणा करण्यात आली. कोणी केली, कशात केली, आधी काय बिघडवलं होतं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. कर्ता गायब करायची ही सोय मी शाळेत शिकले होते, ती अशी उपयोगी पडली.

म्हात्रे पलीकडच्या खुर्चीवर बसले होते. 'शक्य वाटतात' ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली. इतिवृत्तात 'संशयाचा फायदा देऊन' असा शेरा पडला. त्यांना कामावर घेतलं, पण नळकांड्यावर नाही. कारखान्याच्या टोकाला सांडपाणी साफ करायचं खातं होतं, तिथे पाठवलं. माझा सुधारित आलेख हेड ऑफिसात गाजला. ऑपरेटरच्या वहीशी इतकं तंतोतंत जुळणारं मॉडेल त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. ते अजून चालतं.

त्यानंतर सहा वर्षं म्हात्रे आणि मी एकाच फाटकातून आत-बाहेर करत होतो. ते नमस्कार करायचे, मीही करायचे. कधीतरी सांगू असं मी मनाशी म्हणायचे. मग जेवणाची सुट्टी संपायची.

ते निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये नारळ-शाल झाली, भाषणं झाली. दलाल साहेब त्यांच्या प्रामाणिकपणावर पाच मिनिटं बोलले. लोक पांगल्यावर म्हात्रे माझ्याजवळ आले.

"म्याडम, एक इचारू? तवा त्या काम्पुटरमदी काय बदलला व्हता?"

"एक आकडा. तीनचा दीड केला."

"पन दाना त तीनच व्हता."

"तीनच होता. तुमचा तीन बरोबर होता, म्हात्रे. मी तो चुकीच्या जागी टाकला. सगळी चूक माझी होती."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"हा माझेसमोर नका बोलू," ते म्हणाले. "मना ठावंच व्हता. माझे घरा या आनि माझे बायकोसमोर बोला. गावानी बांधाची वही काढून घेतली माझेकरशी. कंपनीत खोटा लिवतो, तो बांधावर काय खरा लिवनार, बोलले. मी गप ऱ्हायलो. ती नाय ऱ्हायली. ती सा वरसा सगल्यांशी भांडते."

पुढच्या रविवारी मी रोह्याहून गाडी पकडली आणि कासूला उतरले. म्हात्रे स्टेशनवर न्यायला आले होते. बांधावरून चालत गेलो. उजवीकडे भातखाचरं, डावीकडे खाडी. वाटेत तो खुंट लागला, त्यावरच्या रंगाच्या खुणा. म्हात्रे तिथे थांबले नाहीत.

त्यांच्या पत्नी चांगुणाबाई पडवीत भाकऱ्या थापत होत्या. "ये गो बाय, बस," म्हणून त्यांनी हातानेच चटई दाखवली. म्हात्रे दाराला टेकून उभे राहिले. मी बसले आणि सगळं सांगितलं. दाणा, संगणक, तीन, दीड, चौकशीतलं ते वाक्य. या खेपेला कर्त्यासकट. "तुमच्या माणसाने खोटं लिहिलं नव्हतं. आकडा मी चुकवला आणि कळल्यावरही सरळ सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल तर गावकऱ्यांनाही सांगते."

चांगुणाबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"तुला कवा समजला, बाय?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. एखादी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असावी, अशा काळजीने त्या म्हणाल्या,

"रोह्याची गारी कासूला रोज थांबते, बाय."